विंग चुनचा पाया: ठाण, कोपर आणि चिकटलेले हात

कुंग फू शिकायला येणाऱ्याचं लक्ष आधी मुठीकडे जातं. मूठ कशी वळायची, किती जोरात मारायची, लाथ किती उंच गेली पाहिजे, हे प्रश्न पहिल्याच दिवशी येतात. विंग चुन या कुंग फूच्या पद्धतीत मात्र पहिली दोन-तीन वर्षं खरं काम कोपराचं असतं. कोपर जागेवर असलं की किरकोळ अंगाची मुलगीसुद्धा समोरच्याचा रेटा टाचांमधून जमिनीत उतरवते. तेच बाहेर फाकलं की जिममध्ये कमावलेले दंड काही कामाला येत नाहीत. हे मी माझ्या अंगावर शिकले आहे, आणि आता नव्यांना पहिले धडे देताना रोज बघते. ज्या क्रमाने मी शिकवते त्याच क्रमाने हा लेख लिहिला आहे.

‘कुंग फू’ या चिनी शब्दाचा अर्थ मुळात मारामारी असा नाही. वेळ देऊन, घाम गाळून अंगात भिनवलेलं कसब म्हणजे कुंग फू. चांगल्या आचाऱ्याकडे ते असतं, सुंदर अक्षर काढणाऱ्याकडेही असतं. चीनमध्ये या नावाखाली शेकडो पद्धती नांदतात आणि त्यांच्यात एवढा फरक आहे की सगळ्यांची मिळून एकच तत्त्वं सांगायला गेलं तर हाती काहीच लागत नाही. ‘दक्षिणेच्या मुठी, उत्तरेच्या लाथा’ अशी तिकडे जुनी म्हण आहे. विंग चुन ही दक्षिणेची, ग्वांगडोंग प्रांतातली पद्धत. हातांची, जवळून लढायची, आखूड हालचालींची.

ही विद्या कुठून आली

आख्यायिका सांगते की शाओलिन मठाच्या एका भिक्षुणीने, न्ग मुईने, यिम विंग चुन नावाच्या मुलीला ही विद्या दिली आणि त्या मुलीचंच नाव पद्धतीला मिळालं. गोष्ट गोड आहे, पण तिला आधार सापडत नाही. जरा पक्की जमीन लागते ती एकोणिसाव्या शतकातल्या फोशान शहरात. तिथे ल्युंग जान नावाचे वैद्य होते. त्यांचा शिष्य चॅन वा शुन हा पैसे मोडून देणारा सराफ. त्या चॅनचा अगदी शेवटचा शिष्य म्हणजे १८९३ साली फोशानला जन्मलेले इप मॅन. १९४९ मध्ये चीनमध्ये सत्ता पालटली तेव्हा ते हाँगकाँगला आले, आणि १९५० मध्ये कौलूनमधल्या हॉटेल कामगारांच्या संघटनेत त्यांनी वर्ग सुरू केला. ब्रूस ली त्यांच्याकडे शिकायला आला तो त्यानंतर तीन-चार वर्षांनी. १९७२ मध्ये इप मॅन वारले. आज जगभर जी विंग चुन दिसते तिचा मोठा हिस्सा त्या हाँगकाँगच्या वर्गांतून पसरला आहे.

मी हे सांगते ते एवढ्यासाठी की ही विद्या वैद्याच्या, सराफाच्या, हॉटेलात काम करणाऱ्या वेटरच्या हातातून आली आहे. तिला मैदान लागत नाही. दोन चटयांएवढी मोकळी जागा पुरते. वन बीएचकेमध्ये टीपॉय बाजूला सरकवला की झालं.

सुरू करण्याआधी

पातळ तळव्याचे कापडी बूट घाला किंवा अनवाणी उभे राहा. गुळगुळीत फरशीवर मोजे नकोत, पाय सरकतो आणि घोटा दुखावतो. जेवणानंतर दोन तास जाऊ द्या. आधी पाच मिनिटं घोटे, गुडघे, कंबर, खांदे आणि मनगटं सावकाश फिरवून मोकळी करा. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरांना विचारा आणि पुढचं ठाण त्यांना करून दाखवा, कारण त्यात गुडघे आत वळतात. नुसतं ‘कराटेसारखं काहीतरी करू का’ असं विचारलंत तर त्यांनाही नीट सांगता येणार नाही.

आरसा असला तर उत्तम. नसेल तर दाराच्या चौकटीसमोर उभे राहा. चौकटीची उभी कड तुमची मध्यरेषा दाखवेल.

पहिली पायरी: ठाण

या ठाणाचं कँटोनीज नाव ‘यी जी किम येउंग मा’. त्यात मेंढी गुडघ्यांत धरण्याची कल्पना आहे. लोकर कातरताना धनगर मेंढीला दोन गुडघ्यांमध्ये कसा धरतो ते पाहिलं असेल तर पुढचं सांगायची गरज नाही. तो मेंढीला चिरडत नाही, पण ती निसटतही नाही. तेवढाच दाब हवा.

पाय जुळवून ताठ उभे राहा. दोन्ही मुठी वळून छातीच्या दोन्ही बाजूंना घ्या, कोपरं मागे, मुठी बरगड्यांना न टेकवता. गुडघे थोडे वाकवा, जणू मागे उंच स्टूल आहे आणि त्यावर बसता बसता थांबलात. आता टाचा जागेवर ठेवून दोन्ही पायांचे चवडे बाहेर वळवा, सहज जातील तेवढेच. मग चवडे जागेवर ठेवून टाचा बाहेर वळवा. पायांमध्ये साधारण खांद्याएवढं अंतर पडेल आणि बोटं किंचित आत वळलेली असतील. प्रत्येकाच्या उंचीप्रमाणे अंतर आपोआप जमतं, म्हणून मोजपट्टी न लावता अशाच पद्धतीने ठाण मांडायचं.

आता माकडहाड आत घ्या. बेंबी जरा वर उचलल्यासारखी वाटेल आणि कंबरेचा मागचा खळगा भरेल. हनुवटी सरळ, डोळे समोर. वजन कुठे, यावर परंपरांचं एकमत नाही: कुणी टाचेवर ठेवायला सांगतात, कुणी तळव्याच्या मध्यावर. मी मध्यावर ठेवते. कुठेही ठेवलंत तरी बोटांवर जाऊ देऊ नका, कारण मग पहिल्याच धक्क्याला तोल पुढे जातो.

गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनेच वाकले पाहिजेत. पाय सरळ आणि गुडघे तेवढे आत दाबलेले, ही नव्यांची सगळ्यात नेहमीची चूक आहे आणि ती गुडघ्याच्या आतल्या बाजूला भोवते. वळायचं ते मांडीच्या खुब्यापासून. मांड्या थरथरल्या तर चालेल, पण गुडघ्यात कळ आली की त्याच क्षणी उठा.

पहिल्या आठवड्यात रोज दोन मिनिटं, मग दर आठवड्याला एक मिनिट वाढवा. दहा मिनिटांपर्यंत पोचलात की बास. त्याहून जास्त उभं राहून मला तरी काही जास्त मिळालं नाही. शाओलिनच्या खोल घोडेस्वार ठाणासारखं हे मांड्यांची परीक्षा घेणारं ठाण नाही. इथे पाय शिकतात ते वरून आलेला दाब खाली वाहून न्यायला.

मध्यरेषा, आणि तिची राखण करणारं कोपर

डोक्याच्या टाळूपासून नाक, घसा, छातीचं मधलं हाड, बेंबी असं करत खाली जाणारी एक उभी रेघ मनात आखा. डोळे, घसा, छातीच्या हाडाखालचा खळगा अशा सगळ्या नाजूक जागा या रेघेवर किंवा तिच्या शेजारी आहेत. विंग चुन हीच रेघ राखते आणि समोरच्याच्या याच रेघेवर मारा करते. दोन माणसं समोरासमोर उभी राहिली की त्यांच्या मध्यरेषांना जोडणारा सगळ्यात जवळचा रस्ता एकच असतो. त्या रस्त्यावर ज्याचं कोपर बसलेलं आहे, त्याचा हात आधी पोचतो.

ते कोपर म्हणजे काय, हे घरातल्याच कुणालातरी बोलावून करून बघा. ठाणात उभे राहा. उजवी मूठ छातीसमोर अर्ध्यावर आणा आणि कोपर मुद्दाम बाजूला उचला, कोंबडीच्या पंखासारखं. आता भावाला किंवा बहिणीला तुमच्या मुठीवर तळहात ठेवून हळूहळू तुमच्या दिशेने रेटायला सांगा. खांदा लगेच मागे जाईल, कंबर पिळेल, टाच उचलेल. आता मूठ तिथेच ठेवा, फक्त कोपर खाली सोडा आणि आत, बेंबीच्या दिशेला आणा. बरगड्यांपासून साधारण एका मुठीएवढं अंतर राहू द्या. पुन्हा तोच रेटा घ्या. आता तो खांद्यात अडकत नाही, कोपरातून कंबरेत आणि तिथून टाचांमध्ये उतरतो. रेटणाऱ्याच्याच भुवया वर जातात. मी वर्गात पहिल्या दिवशी हेच करून घेते. इतर कितीही समजावलं तरी या अर्ध्या मिनिटाएवढं पटत नाही.

इथे एक घोटाळा होतो. कोपर आत आणायचं म्हटलं की लोक छाती आकसतात आणि खांदे पुढे ओढतात. तसं नको. खांदे खालीच राहू द्या, जड ओल्या टॉवेलसारखे. पहिल्या काही महिन्यांत कोपर पूर्ण मध्यावर येणार नाही, कारण खांद्याचे स्नायू तेवढे सैल झालेले नसतात. जेवढं येईल तेवढं पुरे. रोज करत गेलं की सहा महिन्यांत बोटभर तरी आत सरकतं.

सिउ निम ताउ

विंग चुनमध्ये हातांचे फॉर्म, म्हणजे एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचालींच्या मालिका, तीनच आहेत: सिउ निम ताउ, चुम किउ आणि बिउ जी. त्यानंतर लाकडी पुतळ्यावरचा सराव, लांब काठी आणि दोन आखूड रुंद पात्यांच्या तलवारी. इतर चिनी पद्धतींच्या मानाने हा पसारा अगदी लहान आहे. सिउ निम ताउ म्हणजे ‘छोटीशी कल्पना’. यात पाय अजिबात हलत नाहीत. लोकांना कंटाळा येतो तो इथेच, आणि मला वाटतं सगळी विंग चुन आहे तीही इथेच.

तिच्या तीन भागांपैकी पहिला भाग घरी रोज करा. ठाण मांडा. दोन्ही हात खाली फुलीसारखे एकमेकांवर आणा, मग तीच फुली छातीसमोर वर आणा. याने मध्यरेषा आखली गेली. मुठी परत बाजूला.

डावा तळहात आकाशाकडे करून हात अगदी सावकाश मध्यरेषेवरून पुढे न्या. हा ‘तान साउ’, पसरलेला हात. पुढे जातं ते कोपर. तळहाताने ओढून नेऊ नका, कोपराने मागून ढकला. कोपर बरगड्यांपासून मूठभर पुढे आलं की थांबा. मनगट आतून फिरवा आणि तळहात उभा करून बोटं वर करा: हा ‘वू साउ’, राखण करणारा हात. एका हाताने नमस्कार करणाऱ्या भिक्षूसारखा दिसतो. तो तितक्याच सावकाश छातीकडे आणा. जवळ आला की मनगट सैल सोडून वाकवा, बोटं आत आणि खाली वळू द्या: हा ‘फुक साउ’, वरून टेकणारा हात. परत कोपराने पुढे ढकला. फुक पुढे, वू मागे, असं तीनदा. याला ‘तीन वेळा बुद्धाला वंदन’ म्हणतात. मग तळहात आडवा समोरून दुसऱ्या खांद्यापर्यंत नेऊन मध्यावर आणा, सरळ पुढे तळहाताने मारा, मनगट फिरवून मूठ वळा आणि मागे घ्या. आता उजव्या हाताने सगळं पहिल्यापासून.

एका हाताला चार-पाच मिनिटं लागली पाहिजेत. दीड मिनिटात संपलं असेल तर तुम्ही हात नुसते हलवलेत. फुक साउ पुढे जाताना कोपर बाहेर पळायला बघतं, त्याला तिथेच धरायचं. मनगट सैल, खांदा सैल, जबडा सैल आणि फक्त कोपरात एक बारीक, सतत पुढे जाण्याची ओढ. श्वास नाकाने, नेहमीसारखा. हालचालीशी श्वास जुळवायला जाऊ नका आणि रोखून तर मुळीच धरू नका. खांदा दुखायला लागला तर तुम्ही हात खांद्याने उचलून धरला आहे असं समजा. थांबा, हात झटका, परत सुरू करा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात हात दोन्ही बाजूंना, मागे, खाली जातात. तिसऱ्या भागातला ‘बोंग साउ’ म्हणजे पंखासारखा हात तेवढा आत्ता ओळखून ठेवा, पुढे लागणार आहे. यात कोपर वर येतं, मनगट मध्यरेषेवर खाली राहतं, आणि दंड आणि मनगटाकडचा भाग यांत काटकोनाहून बराच मोठा कोन होतो, सुमारे १३५ अंशांचा. खांदा मात्र कानाकडे जाता कामा नये. बोंग साउ एका जागी धरून ठेवायची गोष्ट नाही. रेटा आला की हात त्या आकारात जातो आणि तो ओसरला की लगेच दुसऱ्या आकारात.

सूर्याच्या अक्षराचा ठोसा

चिनी लिपीत सूर्याचं अक्षर म्हणजे उभा चौकोन आणि मध्ये आडवी रेघ. उभी मूठ समोरून तशीच दिसते, म्हणून या ठोशाला ‘यात जी चुंग क्युएन’ म्हणतात. अंगठा मुठीच्या बाहेर, बोटांवर. मनगट सरळ. लागायला हवीत ती मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांच्या मुळाची हाडं.

मूठ छातीच्या बाजूने निघून आधी मध्यावर येते आणि मग सरळ पुढे जाते. ती कोपराच्या पुढे असते, पण चालवतं कोपर. मूठ आदळण्याच्या क्षणीच घट्ट होते. त्याआधी ती जेमतेम मिटलेली असते.

कोपर बाहेर जातं की नाही हे तपासायचा घरगुती उपाय सांगते. भिंतीला उजवा खांदा समांतर ठेवून उभे राहा, खांदा आणि भिंत यांत चार बोटं अंतर ठेवून. आता उजव्या हाताने सावकाश ठोसे मारा. कोपर फाकलं की भिंतीला घासेल. मग बाजू बदला. माझ्या घरच्या एका भिंतीचा रंग त्या उंचीवर निघाला आहे.

हवेत मारताना कोपर पूर्ण सरळ करून झटका देऊ नका. समोर अडवायला काही नसतं आणि तो सगळा झटका सांध्यात बसतो. शेवटचं बोटभर अंतर राखून थांबा. साखळी ठोशांमध्ये एक मूठ परत येत असताना दुसरी तिच्या वरून जाते, दोघी मध्यरेषा सोडत नाहीत. परत येणारा हात छातीपर्यंत न जाता दुसऱ्या कोपराशी थांबतो आणि राखण करतो. आधी तीन-तीन ठोसे मोजून सावकाश. महिनाभराने पन्नासाचे तीन हप्ते. दोरीवर चिमट्याने वर्तमानपत्राचं एक पान टांगा आणि त्यावर मारा. हात ताठ असला तर पान नुसतं ढकललं जातं. हात सैल असून शेवटीच आवळला गेला तर फट्‌ असा कोरडा आवाज येतो. तो आवाज आला की समजायचं.

जोडीदार हवाच

इथपर्यंत एकट्याने करता येतं. इथून पुढे नाही. व्हिडिओ बघून हालचाल कळते, दाब कळत नाही आणि विंग चुन दाबातच आहे. शिकवणारा निवडताना एकच गोष्ट बघा: तो स्वतः प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाताला हात लावतो का. लांब उभा राहून आकडे मोजणारा शिक्षक या विद्येत उपयोगाचा नाही. वर्गाचं शुल्क, भिंतीवरची प्रमाणपत्रं, कुणाबरोबर काढलेले फोटो, हे सगळं नंतर.

पहिला सराव ‘पाक साउ’चा. जोडीदार सावकाश सरळ ठोसा मारतो. तुम्ही पुढच्या तळहाताने त्याच्या मनगटाजवळ थाप मारता आणि त्याच क्षणी दुसरी मूठ त्याच्या छातीकडे जाते. आधी अडवलं, मग मारलं, असे दोन ठोके पडत असतील तर चुकलं. एकच ठोका ऐकू यायला हवा. थाप आडवी लांबवर न्यायची नाही. आपल्या मध्यरेषेपासून खांद्यापलीकडे गेलेला हात म्हणजे उघडं टाकलेलं दार.

मग ‘दान ची साउ’, म्हणजे एका हाताचे चिकटलेले हात. दोघं समोरासमोर ठाणात उभे राहतात, दोघांचाही एक हात कमरेवर. पहिल्याचा उजवा हात तान साउमध्ये. दुसऱ्याचा डावा हात त्यावर फुक साउमध्ये टेकलेला. पहिला तळहाताने छातीकडे मारतो. दुसरा मनगट खाली दाबून तो वार खाली उतरवतो आणि लगेच तिथूनच ठोसा सोडतो. पहिला त्या ठोशाखाली कोपर वर आणून बोंग साउ करतो. दोघं परत तान आणि फुकवर. हे एक आवर्तन झालं. हातांचा स्पर्श मध्ये कुठेही सुटता कामा नये. दहा मिनिटांनी हात बदला, मग भूमिका बदला.

माझं पहिलं वर्ष यात फक्त हारण्यात गेलं. माझ्यासमोर बहुतेक वेळा साठीच्या घरातल्या एक काकू असायच्या, माझ्याहून वीतभर बुटक्या. मी दाबायचे आणि त्यांचा तळहात माझ्या छातीवर असायचा. मी आणखी दाबायचे, तो आणखी लवकर यायचा. एकदा त्यांनी माझं मनगट दोन बोटांत धरलं आणि म्हणाल्या, “अगं, तू माझा हात खाली दाबतेस. मला खाली जायचंच नाहीये, मला तुझ्याकडे यायचंय. तू हात काढलास की मी येणारच ना.” मग त्यांनी मला डोळे मिटायला लावले. डोळे मिटल्यावर मला प्रथमच जाणवलं की त्यांचा हात पिसासारखा हलका आहे, पण त्याच्या मागे सतत एक बारीक ओढ आहे, थेट माझ्या गळ्याच्या खळग्याकडे. माझा हात जरा बाजूला सरकला की ती ओढ आत घुसत होती. काकू काही ठरवून मारत नव्हत्याच.

विंग चुनच्या जुन्या सूत्रांमध्ये हेच आहे: ‘लोई लाउ होई सुंग, लात साउ जिक चुंग’. येईल त्याला थांबवून घे, जाईल त्याला पोचवून ये, हात मोकळा झाला की सरळ घूस. माझ्या मते सगळ्या तत्त्वांमधलं हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचं. पुढे जाणारी ओढ म्हणजे ढकलणं नव्हे. अंगठ्याने दाबून धरलेल्या नळाच्या पाण्यासारखं ते असतं. पाणी अंगठ्याशी भांडत बसत नाही, अंगठा जरा हलला की चिळकांडी उडते. त्यासाठी सरावात एक नियम करा: ज्याचा हात थकला त्याने बोलायचं आणि दोघांनी थांबायचं. थकलेला हात ताठ होतो, ताठ हाताला काही जाणवत नाही, आणि मग नुसती रेटारेटी उरते.

दुसरी चूक म्हणजे समोरच्याच्या हातांच्या मागे धावणं. त्याचा हात बाजूला गेला तर जाऊ द्या. तुमची वाट मोकळी झाली आहे, तुम्ही आत जा.

दान ची साउ सहा महिने नीट केल्यावर दोन्ही हातांची ‘पून साउ’ सुरू होते. त्यात एका हाताची तान-बोंग अदलाबदल आणि दुसऱ्याचा फुक एकाच वेळी चाकासारखे फिरत राहतात. त्याबद्दल इथे लिहून उपयोग नाही, ती हातात हात घेऊनच शिकावी लागते. वळणं आणि पावलं चुम किउबरोबर येतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. चिकटलेले हात हा सराव आहे, ती मारामारी नव्हे. रस्त्यावर कुणी तुमच्या मनगटाला मनगट लावून वाट बघत उभा राहत नाही. वर्षभराने ग्लोव्हज, दातांचं कवच आणि डोक्याला हेल्मेट घालून, वेगळ्या पद्धतीच्या माणसाबरोबर, शिक्षकांच्या देखरेखीखाली हलका सराव जरूर करा. आणि खरोखरच अंगावर बेतलं तर आधी तिथून निघून जाण्याचा रस्ता शोधा.

आठवडा कसा लावायचा

पहिले तीन महिने: सोमवार ते शनिवार रोज अर्धा तास. पाच मिनिटं अंग मोकळं करणं, दहा मिनिटं सिउ निम ताउचा पहिला भाग (ठाण मात्र वर सांगितलेल्या मिनिटांनीच वाढवत), दहा मिनिटं ठोसे आणि शेवटी पाच मिनिटं नुसतं सावकाश चालणं. सकाळी जमत नसेल तर रात्री जेवणाआधी. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका, गुडघे आणि खांदे तो हिशेब मानत नाहीत. जोडीदार मिळाला की आठवड्यातून दोनदा तरी भेटा आणि शक्यतो जोडीदार बदलत राहा. एकाच हाताची सवय झाली की आपण त्या हाताशीच खेळायला शिकतो.

भिंतीवरची पिशवी

ही तीन महिन्यांच्या आधी नको. मनगट सरळ राहायला लागल्यावरच. जाड कॅनव्हासची, एकाखाली एक तीन कप्प्यांची पिशवी शिवून घेतात आणि भिंतीवर पक्की ठोकतात. वरचा कप्पा चेहऱ्यासमोर, मधला छातीसमोर, खालचा पोटासमोर. पूर्वापार त्यात कडधान्य भरतात, बहुधा मूगच. मूग दाबले जातात, हाडांना सांभाळून घेतात. वाळू त्यानंतर, निदान वर्षभराने, आणि लोखंडी छर्रे तर अनुभवी शिक्षकाने सांगितल्याशिवाय कधीच नाहीत. ज्यांना तबला, पेटी वाजवायची आहे किंवा हाताने बारीक काम करायचं आहे, त्यांनी मुगावरच थांबावं असं मी आग्रहाने सांगते.

ठाणात उभे राहा, भिंतीपासून इतक्या अंतरावर की मूठ पोचली तरी कोपरात थोडा वाक उरेल. पहिल्या दिवशी प्रत्येक हाताचे दहाच ठोसे, ताकदीच्या चौथाईने. मूठ पिशवीला लागल्यावर अर्धा क्षण तिथेच ठेवा आणि टाचांकडे लक्ष द्या: भिंतीचा उलटा रेटा तिथे पोचला का? खांद्यातच अडकला असेल तर कोपर बघा, ते नक्की बाहेर गेलेलं असेल. दर आठवड्याला पाच ठोसे वाढवा. कातडी सोलली तर ती भरेपर्यंत पिशवीला हात लावू नका. हाड दुखलं किंवा सूज आली तर डॉक्टरांना दाखवा. ठोसे झाल्यावर मुठी उघडा, बोटं ताणा, मनगटं फिरवा आणि कोमट पाण्यात हात धरा.

पावसाळ्यात पिशवी ओल धरते आणि मुगाला कीड लागते, म्हणून जूनच्या आधी ती उतरवून मूग उन्हात वाळवून घ्या. वर्ष-दीड वर्षाने मूग फुटून त्यांचं पीठ होतं आणि पिशवी मऊ पडते. तेव्हा वरची शिवण उसवून सगळं काढायचं आणि नवे मूग भरायचे.